त्रिवेणीची वकिली

८ जुलै २०२५, मंगळवार

लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफी. ही डायरी खताच्या दुकानदारानं संक्रांतीला दिली आणि रोज एक पान लिहायचं असं मी त्याच दिवशी ठरवलं. पुढं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग उन्हाळा. मग नीलम्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डायरी पिठाच्या डब्याखाली टेकू म्हणून सरकवली आणि कालपर्यंत मला पत्ता लागू दिला नाही. डायरीची माफी मागायची असते का, ठाऊक नाही. पण मी शिस्तीचा माणूस आहे.

आज लिहायला कारण घडलं. उद्या शाळेत मीटिंग आहे. माझी नात त्रिवेणी नऊ वर्षांची आहे, तिसरीत बसते. जन्मापासून तिची बुद्धी सावकाश चालते. बोलते कमी, हसते जास्त. दर बुधवारी तिच्यासाठी शाळेत वेगळ्या शिक्षिका येतात, सुकेशनी मॅडम. अशा लेकरांना शिकवायचं शिक्षण त्यांनी घेतलंय म्हणे. वर्षभरात त्रिवेणीला काय काय यायला पाहिजे ते उद्या ठरणार. त्याला ध्येयं म्हणतात. घरच्यांनी येऊन आपलं म्हणणं मांडावं असा निरोप आहे.

मुलगा सोमेश्वर पुण्याला कंपनीत. म्हणजे मांडणारा मीच. सून राजेश्री म्हणाली, मामा, मी जाते की, तुमी कामून तरास घ्यायलाव. मी म्हणालो, पोरी, तिथं बोलावं लागतं. 

मी सातवी नापास असलो तरी जुन्या सातवीचा नापास आहे. जन्मभर किराणा दुकान चालवलं. गावातल्या निम्म्या सोयरिकीच्या बैठकांना बसलो. पोरीची बाजू कशी मांडायची हे मला कोणी शिकवायला नको.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. पण माघार घ्यायची नाही.

९ जुलै, बुधवार. दुपारी

दगा झाला. आणि घरातूनच झाला.

सविस्तर. बैठकीला एकट्यानं जाऊ नये म्हणून बन्सीधरला बरोबर घेतलं. बन्सीधर म्हणजे आमच्या लिंबधानोऱ्यात सोयरिकी जमवणारा माणूस. दोघांनी डोक्याला रुमाल बांधले. राजेश्री मागून आलीच. हेडमास्तर माणिकराव सरांनी खुर्च्या दिल्या. मॅडम मात्र पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या. वय तिशीच्या आत. मला वाटलं, काम सोपं आहे.

त्यांनी ध्येयं वाचली. पहिलं, अनोळखी माणसानं विचारलं तर त्रिवेणीनं आपलं नाव, गाव आणि वडिलांचं नाव सांगावं. दुसरं, लघवीला लागली तर सांगावं. तिसरं, खिचडीच्या रांगेत आपलं ताट आपण घेऊन उभं राहावं.

मी म्हणालो, मॅडम, ही काय ध्येयं झाली? आमच्या गल्लीतली शेळीसुद्धा खायच्या वेळेला आपली आपण येते, तिला कोणी ध्येय लावून दिलं नाही. त्यावर मॅडम म्हणाल्या, आजोबा, शेळी हरवली तर तिला गाव विचारत नाहीत.

हे राजेश्रीनं त्यांना सांगितलेलं दिसतं. मागच्या दिवाळीला सेलूच्या बाजारात त्रिवेणी हरवली होती. बांगड्यांच्या दुकानात बसून होती. दुकानवाला नाव विचारायचा, ही हसायची. आपल्या गावचा एक माणूस तिकडून गेला म्हणून सापडली. तेव्हापासून राजेश्री बाजारात तिचं मनगट लाल होईपर्यंत धरते. पण घरातली गोष्ट शाळेत सांगायची असते का?

मी माझं म्हणणं मांडलं. तीसपर्यंत पाढे. बैठकीत आधी जास्त मागावं आणि मग सावकाश खाली उतरावं, समोरच्यालाही मान राहतो. मॅडमना ही रीतच माहीत नाही. मी तिसावरून विसावर आलो, विसावरून दहावर, त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मी म्हणालो, बरं, बेचा तरी द्या. म्हणाल्या, पाढ्यांचं पुढं बघू.

मग त्यांनी त्रिवेणीला विचारलं, तुला काय शिकायचंय गं? मी म्हणालो, पाढे. त्या म्हणाल्या, आजोबा, तिला विचारलंय. त्रिवेणीनं खिचडीच्या पातेल्याकडं बघितलं आणि हसली.

एवढं होऊन राजेश्रीनं कागदावर सही करून टाकली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर बन्सीधर म्हणाला, अप्पा, आपल्याच बाजूचं माणूस फुटल्यावर बैठक टिकत न्हाई. खरं बोलला.

११ जुलै, शुक्रवार

दिवाळीपर्यंत सुनेशी बोलायचं नाही असं ठरवलं. सकाळी तिनं चहा आणला. मी म्हणालो, साखर कमी हाय. हे बोलणं नव्हे, ही तक्रार. संकल्प अजून शाबूत आहे.

२३ जुलै, बुधवार

आज मॅडम त्रिवेणीला शाळेतून काढून कडूबाईच्या पिठाच्या गिरणीवर घेऊन गेल्या. आमच्या घरची पोर अशी दारोदार दाखवायची? मी मागं गेलो. पाळतीवर नव्हे. ज्वारी दळायची होती.

मॅडमनी कडूबाईला सांगितलं, तुम्ही हिला ओळखत नाही असं समजा आणि विचारा. कडूबाईनं त्रिवेणीला जन्मल्यावर पहिली आंघोळ घातलेली. तरी बाईनं पदर कपाळापर्यंत ओढला, आवाज घोगरा केला आणि म्हणाली, कुठली गं तू पोरी, कुनाची? चोरानं विचारावं तसं. त्रिवेणी हसायला लागली. मॅडम काही बोलेनात. कडूबाई थांबली. गिरणीचा पट्टासुद्धा थांबला होता. ती शांतता मला सोसेना. मी पोत्यांच्या मागून म्हणालो, लिंबधानोरा!

मॅडम म्हणाल्या, आजोबा, तुम्ही इथं कसे? ज्वारी दळायला, म्हणालो. माझ्या हातात ज्वारी नव्हती. कडूबाई म्हणाली, अप्पा, ज्वारी काय खिशात आनली का? बायका हसल्या.

जाताना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, आजोबा, तुम्ही उत्तर दिलं की तिला द्यावं लागत नाही. विचारल्यावर नुसतं थांबायचं.

मग मी काय तिच्या तोंडातला शब्द चोरतो का? हे वाक्य दिवसभर कानात घुमायलंय. नीलम्माला सांगितलं. ती म्हणाली, बाईनं बरोबर वळखलं तुमाला. चाळीस वर्सं मला कोनी इचारलं की तुमीच सांगायलाव.

हिलासुद्धा फितवलेलं दिसतं.

६ ऑगस्ट, बुधवार

आनंदाची नोंद. गल्लीत जनावरांचे नवे डॉक्टर आले होते. त्यांनी सहज विचारलं, नाव काय बाळा? मी कपडे वाळत घालणाऱ्या नीलम्माच्या मागं होतो, तिनं माझं तोंड ओल्या टॉवेलनं दाबून धरलं. लय वेळ गेला. मग आवाज आला, त्रिवेणी. डॉक्टरांनी गाव विचारलं. आणखी वेळ गेला. मग आवाज आला, निंबनोरा.

राजेश्री नळापाशी बसून रडली. कळशी भरून वाहून गेली.

गावात ज्याला त्याला सांगितलं की हे घरच्या वळणाचं फळ आहे. मॅडमचाही थोडा हात आहे, हे मी नाकारत नाही.

मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, अजून पक्कं झालेलं नाही, आत्ता फक्त अंकुर आलाय. लघवीचं अजून होत नाही, त्यासाठी शाळेत एक मदतनीस बाई मागायची आहे. आठवड्यातून दोन दिवस यायचंही त्या बघणार आहेत. त्याआधी वरून कमिटी त्रिवेणीला पाहायला येईल.

पाहायला येणार! हे बन्सीधरला सांगायला पाहिजे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

कमिटी १० सप्टेंबरला येते आहे. मॅडम घरी येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, काही तयारी करून घेऊ नका. रोज आहे तशीच राहू द्या. तिला जे जमत नाही ते मोकळेपणानं सांगा, अडचण दिसली तरच मदत मिळते. हे मी या कानानं ऐकलं.

पोरीला पाहायला माणसं येणार आणि घरच्यांनीच तिचं उणं सांगायचं? कोणत्या जातीत अशी रीत आहे? आमच्यात नाही, बन्सीधरच्यात नाही. मराठ्यांत विचारलं, त्यांच्यातही नाही. पायानं अधू पोर असली तर तिला आधीच पाटावर बसवून ठेवतात. तिच्याच सख्ख्या आजोबानं उठून सांगायचं का, पाहुणे हो, ही लंगडी हाय?

बाईच्या मनात काय आहे कळत नाही. त्रिवेणीची प्रगती झाली की यांचं काम संपतं, म्हणून तर पोरीला कमी दाखवायची नसेल? बन्सीधर म्हणाला, अप्पा, तुमी लय लांबचं बगता. मलाही तसं वाटतं.

बन्सीधरचे व्याही पाथरीचे. तिकडं हीच कमिटी येऊन गेली. त्यांच्या भावकीतला पोरगा पाहिला. त्यांनी प्रश्न सांगून टाकले, क्रमासकट. आधी नाव. मग गाव. मग वडिलांचं नाव. मग हातात फूल धरून, रंग कोणता.

आता मी गप्प बसणार नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

रोज सकाळी पूजा आटोपली की देवघरातच त्रिवेणीची शिकवणी घेतो. प्रत्येक उत्तराला एक खडीसाखर. जे मॅडमना पावसाळाभर जमलं नाही ते मी आठवड्यात केलं. त्रिवेणी, लिंबधानोरा, सोमेश्वर, लाल. तेलाची धार पडावी तसं म्हणते. निंबनोरासुद्धा सुधारून घेतलं.

आता तर न विचारताही म्हणते. दुपारी नीलम्मानं तिला विचारलं, भाकर खातीस का? म्हणाली, त्रिवेणी. दूध पाहिजे का? लिंबधानोरा. नीलम्मा माझ्यावर खवळली. लेकराचा पोपट करायलाव का, म्हणाली. मी म्हणालो, तू शब्दांकडं बघू नको, ते किती मोकळे सुटायलेत ते बघ.

राजेश्रीनं खडीसाखरेचा डबा उचलून ठेवला. कुठं ठेवला ते मला माहीत आहे.

१० सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी

फत्ते!

काय लिहू आणि किती लिहू. त्रिवेणीला हिरवं परकर-पोलकं, केसात अबोलीचा गजरा. शाळेत पोह्यांचं पातेलं मीच नेलं. कमिटीत दोन साहेब आणि एक बाई. हेडमास्तरांच्या खोलीत बसले. बन्सीधरनं उभं राहून आमचं घराणं सांगितलं, माझ्या आजोबांनी बांधलेल्या मठाच्या ओट्यासकट. साहेब म्हणाले, बरं, बरं.

बाईनं विचारलं, नाव काय? त्रिवेणी. गाव? लिंबधानोरा. वडिलांचं नाव? सोमेश्वर. काय तो आवाज, घंटा वाजावी तसा! बाईनं फूल दाखवलं. लाल, म्हणाली. फूल झेंडूचं होतं, पिवळं. बन्सीधर लगेच म्हणाला, बाई, आमच्याकडचा झेंडू लालसर बी असतो. सगळे हसले. हसण्यात ते वाहून गेलं.

मग मला विचारलं. लघवीला सांगते का? सांगते, म्हणालो. आपल्या हातानं जेवते? जेवते, दुसऱ्याला वाढते. घरात काही काम? माझ्या तोंडून निघून गेलं, चहा करते. एकटी? एकटी. राजेश्री म्हणाली, मामा... मी म्हणालो, राजेश्री, पाहुण्यांना पाणी आण. ती पाणी घेऊन आली तोवर पालक म्हणून माझी सही झालेली होती. चांगली वळणदार आली.

मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, साहेब, रोजचं तसं नाही. मी म्हणालो, मॅडम आमच्या लेकराला बुधवारी तासभर बघतात, आम्ही आठवडाभर बघतो.  मॅडम आपल्या चपलांकडं बघत राहिल्या. मला जरा वाईट वाटलं. पण वकिली म्हटलं की समोरच्याला लागतंच.

साहेब म्हणाले, छान प्रगती आहे. माणिकराव सरांनी माझा हात दाबला.

त्रिवेणी मात्र पाहुणे गेल्यावरही रिकाम्या खुर्च्यांना सांगत बसली. त्रिवेणी, लिंबधानोरा, सोमेश्वर, लाल. उठवली तरी उठेना.

राजेश्री जेवली नाही. आनंदानं भूक मरते कधी कधी.

२४ सप्टेंबर, बुधवार

मॅडम आल्या नाहीत. पावसानं रस्ते गेलेत, तालुक्याहून यायचं म्हणजे अवघड. समजू शकतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

रस्ता झाला, एस.टी. सुरू झाली. मॅडम नाहीत. मागच्या बुधवारीही नव्हत्या. त्रिवेणीला वार कळत नाहीत असं मला वाटायचं. पण बुधवारी ती शाळेत जात नाही, दप्तर पाठीला लावून आमच्या दाराच्या पायरीवर बसते आणि रस्त्याकडं बघते. बुधवारी मॅडमच आपल्याला न्यायला दारी येतात अशी तिची समजूत झालेली. कमिटीचं सांगायला त्या एकदा घरी आल्या होत्या.

माणिकराव सरांना विचारलं. ते म्हणाले, अप्पा, तुमाला कळवलं न्हाई का? कमिटीनं ध्येयं पूर्ण झाली असं लिहिलं. मदतनीस नामंजूर. मॅडमचे बुधवार दुसऱ्या गावच्या लेकराला दिले. आता इकडं सत्रातून एकदा.

मी विचारलं, मॅडमनी हे होऊ कसं दिलं?  सर म्हणाले, चहा घेता का?

एवढी माया दाखवली पोरीला आणि एका कागदावर सोडून गेली बाई. माणूस ओळखायला मी सहसा चुकत नाही, इथं चुकलो. एक निरोप नाही. एक फोन नाही. (नंबर राजेश्रीकडं आहे. तिला मागणार नाही.)

१३ ऑक्टोबर, सोमवार

तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आलो. बन्सीधर बरोबर. ठरवून गेलो होतो की सगळं स्पष्ट सांगायचं.

साहेब तेच, कमिटीतले. उठून उभे राहिले. बाकावर बसलेल्या लोकांना म्हणाले, हे ते आजोबा, यांची नात एकटी चहा करते, आमची कॉलेजला जाते तरी तिला गॅस पेटवता येत नाही. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. त्यात सेलूचे दोन व्यापारी ओळखीचे. आमच्याच समाजाचे. त्यांनी शरणार्थ म्हणत हात जोडले.

साहेबांनी विचारलं, काय काम काढलंत?

मी म्हणायला तोंड उघडलं की साहेब, तिला चहा येत नाही. सुरुवात केली, साहेब, तिला... एवढ्यात बन्सीधरनं माझ्या गुडघ्याला हात लावला. भरल्या बैठकीत. आपल्याच पोरीचं उणं सांगायचं? मी म्हणालो, साहेब, तिला तुमची आठवण येती.

साहेब फार खूश झाले.

घरी सांगितलं की साहेब विचार करायलेत. नीलम्मा म्हणाली, कशाचा? या बाईला प्रत्येक गोष्टीचा शेवट लागतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. वाईट झालं.

काल वर्गात त्रिवेणीची चड्डी ओली झाली. तिला सांगता आलं नाही आणि सांगायचं तरी कोणाला? एका पोरानं विचारलं, हे कुनी केलं? ती उभी राहून म्हणाली, त्रिवेणी, लिंबधानोरा, सोमेश्वर, लाल. सगळा वर्ग हसला. तिला वाटलं आपलं बरोबर आलं, म्हणून तीही हसली. पुन्हा म्हणाली. मग पोरं नाक धरून लांब सरकली तेव्हा तिला कळलं.

हे माणिकराव सरांनी सांगितलं. मी त्यांना म्हणालो, तुमच्या शाळेत शिस्त नाही.

त्रिवेणी शाळेत जायला तयार नाही. खडीसाखर दिली तर थुंकली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आता हे वाचा. (कोण वाचणार?)

राजेश्री कापूस वेचणी सोडून, मला एका शब्दानं न विचारता, त्रिवेणीला घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेली. तिनं तिथं सगळ्यांसमोर सांगितलं. लेकराला चहा येत नाही. लघवीला सांगत नाही. चार शब्द पाठ करून घेतलेत, त्यांचा अर्थ तिला ठाऊक नाही. आधी दोन शब्द खरे यायले होते, तेही गेले. आमचे सासरे मायाळू हायत, पण त्यांना वाटतं की पोरीचं उणं सांगितलं तर ती उणी होती.

असं म्हणाली! परक्या माणसांत! हे तिनंच घरी येऊन नीलम्माला सांगितलं, मी आत आहे हे माहीत असून, आवाज न चोरता.

सोमेश्वरला फोन लावला. वाटलं, पोरगा तरी माझा असेल. तो म्हणाला, अप्पा, तिला मीच जा मनलो. कमिटी परत आली तर तुमी त्या दिवशी पाथरीला आत्याकडं जाऊन या. मी विचारलं, कामून? म्हणाला, अप्पा, पाया पडतो.

बायको, सून, मुलगा, हेडमास्तर, मॅडम. कोणी राहिलं का? बन्सीधर राहिला. तर बन्सीधर आज ओट्यावर बसून म्हणाला, खरं सांगू का अप्पा, चहाचं तुमी जरा जास्तच केलं.

ऑफिसातून काय सांगितलं? बघतो म्हणाले. आता बुधवार दुसऱ्या लेकराला दिलेत, ते काढून कसे घेणार, तेही लेकरूच आहे.

संकल्प: या प्रकरणात पुन्हा तोंड उघडायचं नाही. कोणालाच किंमत नाही.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळी

कमिटीचं काही कळलेलं नाही.

त्रिवेणी पायरीवर बसली होती, दप्तर लावून. मी दाराच्या आत खाटेवर. एक मोटारसायकलवाला थांबला. परगावचा दिसत होता, मागं भांड्यांची पोती बांधलेली. तिला विचारलं, बाई, हे गाव कोणतं?

त्रिवेणी म्हणाली, त्रिवेणी.

तो म्हणाला, तुझं नाव न्हाई, गावाचं इचारायलो.

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी दातापर्यंत आलं होतं. मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. तिनं मान वळवून दाराकडं बघितलं. मी दिसत होतो तिला. मी हललो नाही. मग तिनं पुन्हा त्या माणसाकडं बघितलं. पुढचे तीन शब्द ती म्हणेल असं मला वाटलं, पण तेही म्हणाली नाही. तोंड उघडं ठेवून तशीच बसली, काहीतरी शोधत असल्यासारखी. माणूस थांबला. चांगला माणूस होता, बराच थांबला. मग किक मारून निघून गेला.

एवढा वेळ मी जन्मात गप्प बसलो नव्हतो. 

राजेश्री चुलीपाशी होती. तिनं बघितलं की नाही, माहीत नाही. 

सुकेशनी मॅडम, ही डायरी तुमच्यापर्यंत येणार नाही. तरी लिहितो. त्रिवेणीला चहा येत नाही. विचारल्यावर नुसतं थांबायचं, असं तुम्ही गिरणीत म्हणाला होतात. मी थांबलो. आणि ती काहीच बोलली नाही. थांबून झाल्यावर काय करायचं असतं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं, की मीच ऐकून घेतलं नाही, ते आता आठवत नाही. ती अजून पायरीवरच आहे, मी अजून दारात आहे. पुन्हा विचारू का? की अजून थांबू? तुम्हाला येता आलं नाही तर राहू द्या, पण एवढं तरी कोणाजवळ लवकर सांगून धाडा.